साठा, प्रवाह आणि बिघडलेला उद्या

डिस्टोपियन साहित्य बिघडलेल्या उद्याचे चित्र रंगवते. भारतीय लेखकांकडे या चित्रातला निसर्गाचा प्रश्न बहुतेकदा वाटणीचा होतो: पाणी कोणाच्या वाट्याला आणि धूळ कोणाच्या? जयंत नारळीकरांच्या ज्या कथेत मुंबईत बर्फ पडतो, तिथे संकट सर्वांवरच येते आणि शेवटी विज्ञानच मार्ग काढते. नंतरच्या लेखकांचा असा भरवसा उरलेला नाही. मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ (१९९७) नाटकात मुंबईतल्या एका खोलीत राहणारे गरीब कुटुंब अन्न आणि सुखसोयींच्या बदल्यात घरातल्या एकाचे शरीर परदेशी गिऱ्हाइकासाठी राखून ठेवते. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवरील ‘लैला’ (२०१९) मालिकेत श्रीमंतांना घुमटाखाली गारवा मिळणार असतो. त्याची झळ घुमटाबाहेरच्या वस्तीला.

या कथा वाचायला सर्वांत उपयोगी विचार वर्ध्यात घडला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी तिथल्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे केले आणि १९४५ मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिले. ज्याच्यावर जगायचे त्यालाच संपवणारी परोपजीवी व्यवस्था त्यांच्या मांडणीत सर्वांत खालच्या पायरीवर येते. ‘हार्वेस्ट’मधला व्यवहार नेमका तोच. कोळसा, तेल हा संपणारा साठा, तर पाऊस, जंगल हा पुन्हा भरून येणारा प्रवाह, हा फरकही त्यांनी दाखवला. साठ्यावर बेतलेले जीवन माणसांना हिंसेकडे नेते, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामुळे उपभोगाला मर्यादा घालणे ही त्यांच्या दृष्टीने जगण्याची अट ठरते.

वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबन परिसरात साठा आणि प्रवाह शेजारीशेजारी आहेत. जमिनीखाली दगडी कोळसा आणि चुनखडी; वर कापसाची शेती, सागाचे जंगल आणि कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. खाणींमागून सिमेंटचा कारखानाही आला. इथल्या जंगलातही हिंसा पोहोचली: एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गाभण वाघिणीला गुहेतच मारून तिचे पंजे तोडून नेले गेले. कादंबरीकाराने रचावा असा हा प्रसंग प्रत्यक्षात घडला.

मराठीत मात्र खाणपट्ट्याचा उद्या अजून फारसा लिहिला गेलेला नाही. सर्वांत जवळ जाते ती कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. धरणामुळे उठलेल्या गावाची ही कादंबरी २०२३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. मागे सोडलेली म्हैस तिच्यात रानटी होते आणि न्यायला आलेल्या माणसाला जुमानत नाही. प्राण्यालाही स्वतःची बाजू असते, हे ही कादंबरी भविष्यात न शिरता मांडते.