विश्लेषण : खोडलेले विजय चाहत्यांना पाठ का असतात?

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचे आणि बेसबॉलचे जुने चाहते गप्पांना बसले की दोन विषय हमखास निघतात. एक, अमुक वर्षी अमुक कॉलेजने शाळेतून मिळवलेला खेळाडू. दुसरा, अमुक सालचा बेसबॉल हंगाम. गंमत अशी की या आठवणी अनेकदा अधिकृत नोंदवहीशी जुळत नाहीत. नोंदवहीतून काढून टाकलेला संघ चाहत्यांना तोंडपाठ असतो आणि नोंदवहीत असलेला विक्रम अनेक जण मानायला तयार नसतात. हे असे का होते, हे समजून घेण्यासाठी आधी ‘रिक्रूट’ हा प्रकार पाहावा लागेल.

‘रिक्रूट’ म्हणजे कोण?

आपल्याकडे क्रिकेटपटू क्लब, जिल्हा, रणजी अशा पायऱ्या चढतो. अमेरिकेत बास्केटबॉलची मोठी पायरी म्हणजे कॉलेजचा संघ. शाळेत चमकलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलासाठी देशभरातील विद्यापीठांमध्ये चढाओढ लागते. प्रशिक्षक त्याचे सामने पाहायला जातात, घरी जाऊन आईवडिलांना भेटतात आणि शिष्यवृत्ती देऊ करतात. मुलाने होकार दिला की तो त्या विद्यापीठाचा ‘रिक्रूट’ झाला. अनेक दशके नियम असा होता की खेळाडूला शिक्षण, राहणे आणि जेवण यांचा खर्च मिळेल, पण खेळण्याचे पैसे मिळणार नाहीत.

चाहत्यांच्या दृष्टीने हा होकारच एक सामना असतो. मुलगा अजून संघासाठी एकदाही खेळलेला नसतो, त्यामुळे त्याच्याकडून काहीही अपेक्षा ठेवता येते. कधी कधी तो येतच नाही. १९७४ मध्ये मोझेस मलोनने मेरीलँड विद्यापीठाला होकार दिला, पण शाळेतून तो थेट यूटा स्टार्स या व्यावसायिक संघात गेला. मेरीलँडसाठी तो एकही सामना खेळला नाही. तरी ‘मोझेस आला असता तर’ ही तिथल्या जुन्या चाहत्यांची हळहळ कायम राहिली.

कोणत्याच हिशेबात नसलेला सामना

१९६५ मध्ये न्यूयॉर्कमधील शाळेचा उंचापुरा खेळाडू ल्यू अल्सिंडॉर कोणत्या कॉलेजात जाणार, याची चर्चा देशभर होती. त्याने लॉस एंजेलिसचे ‘यूसीएलए’ निवडले. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे. नोव्हेंबर १९६५ मध्ये या नवख्यांचा सामना यूसीएलएच्याच मुख्य संघाशी झाला. मुख्य संघ लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. नवख्यांनी तो सामना ७५-६० असा जिंकला. अल्सिंडॉरचे गुण होते ३१.

स्पर्धेच्या हिशेबात हा सामना नाही, कारण तो घरातल्या घरात झालेला होता. पुढील तीन हंगामांत अल्सिंडॉरच्या संघाने ८८ सामने जिंकले, फक्त दोन गमावले आणि तीन राष्ट्रीय विजेतीपदे मिळवली. नंतर तो करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. एवढे सगळे घडूनही ती न मोजलेली लढत जुने चाहते आवर्जून सांगतात. हॅरिस शिल्डमधील सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी शालेय सामन्यातली असूनही मुंबईकर विसरत नाहीत, तसाच हा प्रकार.

‘फॅब फाइव्ह’ची गोष्ट काय?

१९७२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा मिळाली. तिचा सर्वात गाजलेला परिणाम १९९१ मध्ये दिसला. मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक स्टीव्ह फिशर यांनी एकाच वर्षी पाच खेळाडू मिळवले : डेट्रॉइटचे ख्रिस वेबर आणि जेलन रोझ, शिकागोचा जुवान हॉवर्ड, टेक्सासचे जिमी किंग आणि रे जॅक्सन. हंगामाच्या मध्यापासून सुरुवातीचे पाचही खेळाडू पहिल्या वर्षाचेच असू लागले. ढगळ हाफ पँट, काळे मोजे आणि मैदानावरचा बिनधास्तपणा यांमुळे त्यांच्यावर जितके प्रेम झाले तितकीच टीकाही झाली.

१९९२ मध्ये ते राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचले आणि ड्यूक विद्यापीठाकडून ७१-५१ असे हरले. १९९३ मध्ये पुन्हा अंतिम सामना, या वेळी नॉर्थ कॅरोलायनाशी. अकरा सेकंद उरले असताना मिशिगन दोन गुणांनी मागे होते. कोंडीत सापडलेल्या वेबरने ‘टाइम आउट’ मागितला, पण संघाचे सगळे टाइम आउट संपलेले होते. नियमानुसार फाउल दिला गेला आणि सामना ७७-७१ असा हातातून गेला. या पाच जणांनी विजेतेपद एकदाही जिंकले नाही. तरी त्या दशकातील कोणताही विजेता संघ त्यांच्याइतका आठवला जात असेल का, याबद्दल शंकाच आहे.

मग बॅनर का उतरवले?

पुढे चौकशीत उघड झाले की एड मार्टिन नावाच्या संघाच्या पाठीराख्याने मिशिगनच्या चार खेळाडूंना मिळून सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. पैसा बेकायदा लॉटरीतून आलेला होता. त्या चौघांत ‘फॅब फाइव्ह’पैकी एकटा वेबर होता; बाकीचे तिघे नंतरच्या संघांतले. २००२ मध्ये विद्यापीठाने स्वतःच शिक्षा जाहीर केली. १९९२ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यातील सामने आणि १९९२-९३ च्या हंगामातील विजय नोंदींतून काढण्यात आले. सभागृहाच्या छताला लावलेले १९९२ आणि १९९३ चे बॅनर उतरवून विद्यापीठाच्या बेंटली ऐतिहासिक ग्रंथालयात ठेवण्यात आले. कॉलेज क्रीडा चालवणाऱ्या ‘एनसीएए’ने पुढच्या वर्षी आणखी निर्बंध घातले आणि वेबरला विद्यापीठापासून दहा वर्षे लांब ठेवण्यात आले.

अशा शिक्षेत विजय ‘रद्द’ होतो, पण तो समोरच्या संघाला मिळत नाही. म्हणजे कागदावर सामना एका बाजूने हरलेला राहतो आणि जिंकलेला कोणीच नसतो. ज्यांनी तो सामना डोळ्यांनी पाहिला, त्यांना हे पटणे अवघड आहे. शिवाय त्या पाचांपैकी चौघांवर पैसे घेतल्याचा ठपका नव्हता. त्यांचे विजयही खोडले गेले. पुढे नियमच बदलले. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपले नाव आणि छायाचित्र वापरू देण्याबद्दल पैसे घेता येतात. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. मार्टिनचा व्यवहार आजही नियमात बसला नसता. मात्र खेळाडूने मुळात पैसे घेणेच गैर, हा जुना आधार आता राहिलेला नाही. त्यामुळे ते बॅनर परत लावावेत, ही मागणी अधूनमधून होत असते.

बेसबॉलचे हंगाम आकड्यांनी का आठवतात?

बेसबॉलचा हंगाम लांब असतो : पूर्वी १५४ सामने, आता १६२. जवळपास रोज सामना असल्याने एखादा सामना लक्षात राहण्यापेक्षा रोज सरकणारा आकडा लक्षात राहतो. १९४१ हे त्याचे उत्तम उदाहरण. त्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओने १५ मे ते १६ जुलै या काळात सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मारली. हा विक्रम अजून मोडलेला नाही.

त्याच वर्षी बोस्टनच्या टेड विल्यम्सची सरासरी .४०० च्या आसपास होती. बेसबॉलमध्ये हिटच्या संख्येला फलंदाजीच्या मोजलेल्या संधींनी भागून सरासरी काढतात; .३०० ही उत्तम समजली जाते. हंगामाच्या शेवटच्या दिवशी विल्यम्स .३९९५५ वर होता. तो बसून राहिला असता तर आकडा .४०० असाच धरला गेला असता. तो दोन्ही सामने खेळला, आठपैकी सहा वेळा हिट मारली आणि .४०६ वर हंगाम संपवला. ‘.४०० ओलांडणारा शेवटचा खेळाडू’ ही त्याची ओळख अनेक दशके टिकली.

नोंदीत आहे, मनात नाही?

१९९८ मध्ये मिशिगनच्या उलट घडले. १९९४ च्या संपामुळे बेसबॉलची जागतिक मालिकाच रद्द झाली होती आणि प्रेक्षक रागावले होते. १९९८ च्या उन्हाळ्यात मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात रॉजर मॅरिसचा ६१ होम रनचा १९६१ मधील विक्रम मोडण्याची शर्यत लागली. ८ सप्टेंबरला सोसाच्याच संघाविरुद्ध मॅग्वायरने ६२वा होम रन मारला आणि सोसा धावत येऊन त्याला भेटला. मॅग्वायर ७० वर थांबला, सोसा ६६ वर. २०१० मध्ये मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली.

मात्र बेसबॉलने त्याचा एकही होम रन खोडलेला नाही. ७० हा आकडा आजही नोंदीत आहे. चाहत्यांनी मात्र तो आपल्या मनाच्या वहीत वेगळ्या पानावर टाकला. २०२२ मध्ये यांकीजच्या ॲरन जजने ६२ होम रन मारले तेव्हा खरा विक्रम हाच, असे अनेकांनी म्हटले. मॅरिसचा मुलगाही त्यांत होता.

आठवण कधी चुकते का?

चुकते. मॅरिसच्या ६१ समोर नोंदवहीत तारांकन छापलेले होते, असे सांगणारे चाहते आजही भेटतात. प्रत्यक्षात बेसबॉलच्या कोणत्याही अधिकृत वहीत असे तारांकन नव्हते. बेब रूथने १९२७ मध्ये १५४ सामन्यांच्या हंगामात ६० होम रन मारले होते, तर मॅरिसला १६२ सामने मिळाले. म्हणून तत्कालीन आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोन्ही विक्रम वेगळे दाखवावेत, असे म्हटले होते. तो भेद १९९१ मध्ये संपवण्यात आला. न छापलेले तारांकन मात्र लोकांच्या बोलण्यात राहून गेले.

२०२४ मध्ये काय बदलले?

आठवण आणि नोंद दोन्ही जिथे तोकड्या पडल्या, तो भाग याहून गंभीर आहे. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकातील मुख्य लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या, त्यांना ‘नीग्रो लीग’ म्हटले जाई. गोऱ्या चाहत्यांच्या ‘सुवर्णकाळा’च्या गप्पांत त्या फारशा नसत आणि अधिकृत नोंदीत तर नव्हत्याच. हौशी संशोधकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून, विशेषतः कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या पत्रांतून, एकेक स्कोअरकार्ड वर्षानुवर्षे गोळा केले.

त्या कामाच्या आधारे मे २०२४ मध्ये १९२० ते १९४८ मधील या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले गेले. जॉश गिब्सन कारकिर्दीच्या .३७२ सरासरीसह टाय कॉबच्या पुढे गेला. १९४३ मधील त्याची .४६६ ही एका हंगामातील सर्वोच्च सरासरी ठरली आणि विल्यम्सच्या नावामागचे ‘शेवटचा’ हे बिरुद गळून पडले. या लीगचे हंगाम छोटे होते, असा आक्षेप काहींनी घेतला. पण करोनाच्या २०२० सालात मुख्य लीगनेही फक्त ६० सामन्यांचा हंगाम खेळून तो मोजलाच होता. गिब्सनला यातले काहीच पाहता आले नाही. रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये तो वारला.

मग खरे कोणते मानायचे?

नोंदवही नियमांनी चालते आणि नियम त्या त्या काळाचे असतात. कोणाला पैसे घ्यायची मुभा होती, कोणाला मैदानात प्रवेश होता, यावर तिच्यात काय येते हे ठरते. चाहत्यांची आठवण या नियमांना जुमानत नाही, म्हणून वगळलेले बरेच काही ती जपते. मात्र आपण जे पाहिले तेच ती जपते. जे पाहिलेच नाही त्याची उणीव तिला जाणवत नाही. गिब्सनचे हिट नोंदीत आले ते वर्तमानपत्रांच्या जुन्या पानांत त्यांची स्कोअरकार्ड टिकून होती म्हणून. त्या काळातली सगळी स्कोअरकार्ड अजून सापडलेली नाहीत. ती सापडत जातील तसे हे आकडेही पुन्हा बदलू शकतात.