ठिणगीचा गोतावळा

पुसेगाव म्हटले की बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातले, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव उभे राहते. मी सांगतो आहे ते पुसेगाव ते नव्हे. हे मराठवाड्यातले, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. हळद आणि सोयाबीनच्या मुलखातले हे गाव माझे आजोळ. नाव एकच असले म्हणून गाव एकच असते असे नाही. आणि मोटारीच्या सुट्या भागांची गोष्टही नेमकी अशीच आहे.

आमच्या घरी एक एमजीए मोटार आहे, १९५७ सालची. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावी १९५५ ते १९६२ या सात वर्षांत अशा एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतली एक थोरल्या काकांनी मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाकडून घेतली, आणि काकांच्या पश्चात ती पुण्याला आमच्या दारात आली. गाडी देखणी, बुटकी आणि दोन माणसांची. घरात माणसे चार! "भाडेकरू असता तर निदान महिन्याचे भाडे तरी मिळाले असते," असे आमच्या सौभाग्यवती तिच्याविषयी म्हणतात, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते खोटे नाही.

या गाडीला गेल्या वर्षी एक विचित्र खोड लागली. सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होई. वीस मिनिटे गुणी बाळासारखी चाले. मग दोनदा खोकून भर रस्त्यात गप्प बसे. अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा शहाणी. पेट्रोल ठीक, कार्बोरेटर ठीक. दोष ठिणगीत होता. त्याच सुमारास एक गृहस्थ बरी किंमत देऊन गाडी न्यायला तयार झाले. घरात ठराव झाला, की दिवाळीपर्यंत चालली तर राहील, नाही तर जाईल. ठराव अर्थातच एकमताने झाला. मत सौभाग्यवतींचे होते.

ठिणगीचा हा कारभार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. बॅटरीत असतात फक्त बारा व्होल्ट, आणि प्लगच्या टोकांमधली फट ओलांडायला लागतात हजारो. हे काम कॉइल करते. तिच्यातून वाहणारा प्रवाह डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट एकदम तोडतात आणि त्या धक्क्याने मोठा दाब निर्माण होतो. पॉइंट उघडताना ते जळू नयेत म्हणून शेजारी बोटभर कंडेन्सर असतो. तयार झालेला दाब रोटर नावाचा फिरता तुकडा चार प्लगना पाळीपाळीने वाटून देतो: पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. स्वयंपाकघरातला लायटर सेकंदाला शंभर वेळा दाबून पाहा, म्हणजे या चिमुकल्या भागांचे कष्ट ध्यानात येतील.

भाग शोधायला मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारच्या फेऱ्या घातल्या. मुंबईला चोर बाजारात मटन स्ट्रीट पालथी घातली. प्रत्येक दुकानदार गाडीचे नाव विचारी आणि लगेच काही तरी काढून देई. पण नावावर भाग मिळत नसतो. लुकासच्या डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर जातीचे नाव आणि पाच आकडी क्रमांक कोरलेला असतो. खरी ओळख ती. कॉइलचेही तसेच. माझी गाडी जुन्या ब्रिटिश रिवाजाची, म्हणजे बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेली. तिच्या मूळ कॉइलवर 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' अशी अक्षरे. नव्या कॉइलवर अधिक-उण्याच्या खुणा. जोडणी उलटी झाली तरी गाडी चालते, पण ठिणगी अशक्त होते आणि कारण मात्र सापडत नाही.

प्लगमध्ये तर आणखी गंमत. आटे चौदा मिलिमीटरचे, पण लांबी पाऊण इंच हवी. आखूड बसवला तर उरलेल्या आट्यांत काजळी साचते. शिवाय प्लग 'गरम' किंवा 'थंड' असतो. चॅम्पियनच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे अधिक गरम. एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे अधिक थंड! आकडा जुळला म्हणून प्लग जुळला असे समजणाऱ्याची धडगत नाही.

परदेशातून एक नवाकोरा रोटर मागवला. चकचकीत डबी, वर मोटारीचे चित्र. तो बसवूनही गाडी विसाव्या मिनिटाला बसलीच. "साहेब, हे सगळं उपटून टाका आणि इलेक्ट्रॉनिक सेट बसवा," असा सल्ला गॅरेजवाल्याने दिला. सल्ला वाईट नव्हता. पुष्कळ लोक तसे करतात आणि सुखाने फिरतात. पण पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले, त्यांत गाडीचे मूळ रूप टिकवण्यावर भर आहे. आणि काकांनी साठ वर्षे सांभाळलेले यंत्र आपल्या हातून उपटावे, हे मनाला पटत नव्हते.

अशा मनःस्थितीत श्रावणात मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पुसेगावी जाणे झाले. पिशवीत आहेराच्या उपरण्याखाली डिस्ट्रिब्यूटर गुंडाळून घेतला होता. कारण मामांकडे एक जुनी पेट्रोलची अ‍ॅम्बॅसॅडर आहे, आणि तिची देखभाल करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. गावात त्यांना सगळे उस्ताद म्हणतात.

उस्तादांनी वस्तू हातात घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "भाचेराव, हे तर आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरचंच दिसायलंय!"

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. अ‍ॅम्बॅसॅडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला ती २०१४ सालापर्यंत बनत होती. तिच्यात पुष्कळ वर्षे जे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन होते ते बी-सीरीज घराण्याचे. आणि माझ्या एमजीएचे इंजिनही त्याच घराण्याचे, तेवढ्याच मापाचे. म्हणजे लग्नाची वऱ्हाडे वाहणारी, तहसीलदाराला फिरवणारी आपली अ‍ॅम्बॅसॅडर आणि ती साहेबाची नखरेल मोटार, या सख्ख्या मावसबहिणी! लुकास-टीव्हीएसचा कारखाना १९६१ साली मद्रासला निघाल्यावर लुकास पद्धतीचे विजेचे सामान आपल्याकडेच होऊ लागले, त्यामुळे मोटारींच्या या नात्याच्या खुणा खेड्यापाड्यांतल्या डब्यांत अजून सापडतात.

उस्तादांनी प्रथम माझा परदेशी रोटर मामांच्या गाडीत बसवला. तो अचूक बसला. मग वरचे झाकण बाजूला ठेवून कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून जरा वर धरली, आणि मला काडीने पॉइंट उघडायला सांगितले. टक्! वायरीतून पट्टीवर ठिणगी पडली. "पाहिलं? इथं ठिणगी पडायला नको. आतून दांड्यात गळायलीय." चांगल्या रोटरवर ठिणगीला पुढे वाटच नसते. माझ्या रोटरची पितळी पट्टी ज्या रिव्हेटने बसवली होती, त्याच्याखाली इन्सुलेशन पुरेसे नव्हते. वीज त्यातून दांड्यात उतरत होती, आणि गाडी तापली की गळती वाढत होती. नंतर त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडून मेणकागदात गुंडाळलेला एक काळा रोटर काढला. तो बसवून तेच केले. टक् नाही, काही नाही. परदेशी डबीपेक्षा मेणकागद सरस ठरला.

मी हर्षाने म्हटले, "उस्ताद, मग अख्खा डिस्ट्रिब्यूटरच द्या ना! डब्यात एक दिसतोय."

ते हसले. दोन्ही डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाच्या पट्ट्या उघडून त्यांनी शेजारी मांडल्या. इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते. ती किती आधी, हे आतली दोन वजने आणि दोन स्प्रिंगा ठरवतात. माझ्या स्प्रिंगा वेगळ्या, आत कोरलेला अंशांचा आकडाही वेगळा. माझी मोटार दोन कार्बोरेटरची, सत्तरएक अश्वशक्तीची, पळण्यासाठी केलेली, मामांची संसारी. "बसल, पण चालायचं नाही," उस्ताद म्हणाले. "ठिणगी वेळेआधी पडली तर पिस्टनला हातोडा बसतो, उशिरा पडली तर गाडी तापते. रोटर घ्या, पॉइंट घ्या, कंडेन्सर घ्या. बाकी आपलं आपल्यापाशी."

डब्यात पॉइंटचे चार संच होते. चारही मागितले, हवे ते मोल द्यायची तयारी दाखवली. उस्तादांनी दोनच दिले. शेजारच्या गावात एका माणसाची अ‍ॅम्बॅसॅडर अजून भाड्याने धावते. तिला पुढेमागे लागतील म्हणून दोन त्यांनी परत मेणकागदात गुंडाळले. "तुमची हौस हाय, त्याचं पोट हाय," एवढेच बोलले. त्यावर काय उत्तर देणार? दोन संच, एक रोटर आणि एक कंडेन्सर यांचे पैसे त्यांनी मोजून घेतले.

पुण्याला येऊन पॉइंटची फट फीलर गेजने इंचाच्या पंधरा हजारांशांवर, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटरवर लावली. प्लगची फट पंचवीस हजारांश. नवरात्रात गाडी बाहेर काढली. विसावे मिनिट आले आणि गेले. चाळिसावे गेले. सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या. घड्याळाकडे माझ्यापेक्षा त्यांचेच लक्ष अधिक होते. घरी परतल्यावर त्या म्हणाल्या, "त्या गृहस्थांना कळवून टाका." काय कळवायचे, ते मला विचारावे लागले नाही.

ज्यांच्या दारात जुनी मोटार, स्कूटर किंवा शिवणयंत्रही असेल, त्यांना एवढेच सांगेन: भाग निकामी होण्याआधीच त्याच्या अंगावरचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा. जुना भाग नवा येऊन सिद्ध होईपर्यंत टाकू नका. नव्या वस्तूची डबी न पाहता वस्तू तपासा. आणि आपल्या यंत्राची भावंडे कोण, याचा शोध घ्या. हवा असलेला भाग कदाचित त्यांच्याच घरी निघेल. आमच्याकडे सगळे क्रमांक आता किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहेत, सौभाग्यवतींच्या सुवाच्य अक्षरात.