कंबरेतील गादी सरकणे : समजून घ्या, सांभाळा



बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याला औताला जुंपत नाही. स्वतःच्या कंबरेला मात्र ही सवलत देत नाही. गेल्या खरिपात खताचे पोते उचलताना माझ्या कंबरेत चमक निघाली. उसण समजून मी तसेच काम केले. आठवड्यात कळ पोटरीपर्यंत उतरली. गादी सरकली होती.

गादी सरकते म्हणजे काय?
दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट, तर आतला गर मऊ असतो. गादी जागेवरून निसटत नाही. कड्याला चीर पडून गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाब देतो. म्हणून दुखणे कंबरेचे, पण कळ व मुंग्या पायात येतात. खोकताना, शिंकताना ती वाढते. नुसती उसण सहसा कंबरेपुरतीच राहते.

उपचार
बहुतेक रुग्णांना 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा स्वतःच जिरवते. एक-दोन दिवस विश्रांती पुरे. नंतर झेपेल तेवढे चालावे. फार दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यास स्नायू दुबळे होतात. औषधे व व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणे, कंबर तुडवून घेणे, झटका देऊन मणका 'बसवणे' हे प्रकार टाळावेत. त्याने इजा वाढू शकते.

त्याच दिवशी रुग्णालय गाठा
लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. येथे उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

कामात करावयाचे बदल
1. युरियाचे पोते 45 किलोचे, तर डीएपीचे 50 किलोचे असते. ते दोघांनी उचलावे. गुडघ्यात वाकावे, पाठ सरळ ठेवावी, पोते अंगालगत धरावे. वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत.
2. 16 लिटरच्या फवारणी पंपात पाण्याचेच वजन 16 किलो होते. पंप कंबरेइतक्या उंच ओट्यावर ठेवून भरावा व तेथूनच पाठीवर घ्यावा. कंबर दुखत असल्यास फवारणी दुसऱ्याकडे सोपवावी.
3. जेथे शक्य तेथे खुरप्याऐवजी सायकल कोळपे वापरावे. पऱ्हाट्या उपटण्यासाठी चिमटा वापरावा.
4. ट्रॅक्टर चालवताना तासाभराने उतरून थोडे चालावे. उतरल्याबरोबर ओझे उचलू नये.

मजूर एखाद्या दिवसासाठी मिळतो, अवजार भाड्याने मिळते. कंबर मात्र उसनी मिळत नाही. पुढचे पोते उचलण्यापूर्वी शेजाऱ्याला हाक मारा. त्यात कमीपणा नाही.