बाळोती आणि म्हातारपण

जुने लुगडे धुऊन धुऊन मऊ झाले की त्याची बाळोती होत. ती धुणारीच्या श्रमांचा हिशेब कुणी मांडला नाही. अमेरिकेत मेरियन डोनोव्हन या गृहिणीने त्या श्रमांवर उपाय शोधला आणि १९५१ मध्ये ओल न झिरपू देणाऱ्या आवरणाचे एकस्व मिळविले. फेकून देण्याजोग्या डायपरचा प्रसार नंतर झाला. आज ते आपल्याकडेही सर्रास दिसतात. तान्ह्या मुलाला ते बांधण्यात कोणालाही लाज वाटत नाही.

म्हाताऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावात पक्षाघाताने अंथरूण धरलेल्या सासऱ्याची चादर दिवसातून चार वेळा बदलायची, तर धुणे सुनेच्याच वाट्याला येते. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने टँकरची वाट पाहिली, तेथे हे पाणी आणायचे कोठून? वृद्धालाही हे कळते. सुनेला त्रास नको म्हणून तो पाणी पिणेच कमी करतो आणि दुखणे वाढवून घेतो. वास्तविक लघवीवरचा ताबा सुटण्यामागे मधुमेह, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी अशी उपचार करता येण्याजोगी कारणेही असतात. पण संकोचापायी डॉक्टरांपर्यंत गोष्ट जातच नाही.

डायपर घ्यावा, तर हिशेब पाहा. एक नग तीस रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन लागले, तर महिन्याला २,७०० रुपये होतात. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ मधील वाढीनंतर १,५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचवर आला, हे स्वागतार्हच; परंतु त्याने ही तूट भरून निघत नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील पात्र वृद्धांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याचे ठरले. काठी एकदा घेतली की वर्षानुवर्षे पुरते, डायपर मात्र रोज लागतो. अंथरुणाला खिळलेल्यांपुरती तरी ही मदत मासिक का नसावी?

शिवाय वापरलेला डायपर टाकायचा कोठे, हा प्रश्न आहेच. त्यात लाकडाचा लगदा असतो, प्लास्टिक असते आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओल धरणारे सोडियम पॉलिॲक्रिलेट असते. गावचा उकिरडा कुजणाऱ्या वस्तूंसाठी. त्याचे खत शेतात जाते आणि त्याबरोबर हे प्लास्टिकही. असा कचरा गुंडाळून द्यावा, त्यासाठी उत्पादकांनी वेष्टन पुरवावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. तीर्थपुरीला आता नगरपंचायत आहे. अंथरुणावरचे रुग्ण असलेली घरे गावात कोणाला ठाऊक नसतात? त्या घरांतून हा कचरा निराळा उचलण्यापासून तिला आरंभ करता येईल.