पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायकांच्या तपासणीच्या खोलीत वजनकाटा आहे, बीपीचं यंत्र आहे, पण सगळ्यांत जास्त हाताळलेली वस्तू म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. ‘शेवटची पाळी कधी आली?’ याला तारीख क्वचितच मिळते. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ किंवा ‘यात्रेला निघायचं अन् नेमकी आली’ असं उत्तर येतं. मग पानं उलटायची. 2024चा पोळा 2 सप्टेंबरला, म्हणजे पाळी 3 सप्टेंबरची. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की 10 जून, ही बाळंतपणाची अंदाजे तारीख. शिकाऊ मुलींना याचं हसू येतं. मला मात्र ‘असेल तीन-चार तारीख’ म्हणणारीपेक्षा पोळेवालीचा भरवसा जास्त. सणाचा स्वयंपाक निभावला आणि दुसऱ्या दिवशी पाळी आली, हे बाई विसरत नाही. शिवाय पोटाला हात लावला की पडताळा मिळतोच. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीला टेकतं.

खरी तपासणी सुरू होते ती सासूबाई बाहेर गेल्यावर. त्या असेपर्यंत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच देतात. ‘जेवण?’ ‘भरपूर जेवते.’ ‘गोळ्या?’ ‘रोज घेते.’ मग मी म्हणते, ‘मावशी, आशाताई बाहेर तुम्हाला विचारत होत्या.’ आशाताईंना ही खूण पाठ आहे. त्या मावशींना बाकावर बसवून चांगल्या दहा मिनिटं गुंतवतात.

इकडे मी दार लोटून पोरीला विचारते, ‘शी काळी होते का गं?’

‘नाही ओ सिस्टर, नेहमीसारखीच.’

सापडली! लोहाच्या गोळ्या नेमाने घेणारीची शी बहुधा काळपट होते. एकीने सरळ सांगितलं, गोळ्या तांदळाच्या डब्यात आहेत. मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि वर आत्याबाई म्हणतात की गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं. यातलं मळमळणं आणि बद्धकोष्ठ खरं, बाकी खोटं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, पण त्यातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो. रक्त पातळ होतं ते असं. हिमोग्लोबिन 11च्या खाली गेलं तर पंडुरोग, 7च्या खाली तर तातडीने दवाखाना. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा निदान 180 गोळ्या. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, लोह अंगी लागत नाही. डब्यातल्या गोळ्यांचं काय केलंस, ते मी विचारलं नाही.

दुसरा माझा ठरलेला प्रश्न बांगड्यांचा. सातव्या महिन्यात चोळी-बांगड्यांचा कार्यक्रम झालेला असतो, हातभर हिरवा चुडा असतो. ‘घट्ट होतोय का?’ संध्याकाळी पाय सुजणं आणि सकाळी उतरणं चालायचंच. वाढलेलं गर्भाशय शिरांवर दाबतं. पण बांगडी रुतायला लागली, सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर मी आधी बीपी बघते. 140/90 किंवा त्याहून जास्त आलं की लघवी. आता पट्टी बुडवली की रंग बदलतो. पूर्वी परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची, वरचा भाग उकळायचा. गढूळ झालं तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब. गढूळपणा विरला तर ठीक, राहिला तर लघवीतून प्रथिन जातंय. अशीच एक ‘ऊन लागलंय’ म्हणून आली होती. बीपी 160/110. तिला परत घरी जाऊच दिलं नाही, तिथूनच 102 बोलावली. सासूबाई रागावल्या, पण गाडीत पहिल्या त्याच चढल्या.

बाकी तक्रारी रोजच्याच. जळजळ, कंबरदुखी, पोटावरची काळी रेघ. हे सगळं बाळंतपणानंतर बहुतेक जातं. रेघेवरून मुलगा की मुलगी ओळखता येत नाही, आणि ते विचारलं की मी खरंच चिडते.

पाळी चुकली की नाव नोंदवायला बारा आठवड्यांच्या आत या. पुढे चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासणी फुकट होते, तीही चुकवू नका. येताना सासूबाईंना जरूर आणा. त्यांना बाकावर बसवायचं आम्ही बघतो.