विडीची छाट आणि संगणकाचे कंत्राट

गोंदिया जिल्ह्यातील सुशिक्षित घरात मुलाची चौकशी झाली की आजवर दोनच उत्तरे संभवत होती : नोकरी लागली, अथवा लागायची आहे. पदवी हाती पडताच गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे गाठायचे, चौघांनी मिळून एक खोली घ्यायची आणि नियुक्तिपत्राची वाट पाहायची, हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा ठरलेला मार्ग होता व बहुतांशी आजही आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदीने घरबसल्या कामाची सवय कंपन्यांना लावल्यापासून एक तिसरे उत्तर ऐकू येऊ लागले आहे. मुलगा आमगावात किंवा तिरोड्यात घरीच असतो. पुण्याच्या एखाद्या कंपनीचे तीन महिन्यांचे काम त्याने घेतलेले असते. ते संपले की दुसरे शोधायचे. याला नोकरी म्हणता येत नाही, आणि दुकान नसल्यामुळे धंदा म्हणवत नाही. लग्नाच्या परिचयपत्रकातील ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहावे, असा पेच पालकांना पडतो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कायद्यालाही हाच पेच पडतो, आणि तो कसा सुटतो यावर त्या तरुणाची मिळकत, रजा, म्हातारपणाची तरतूद, किंबहुना त्याने लिहिलेल्या आज्ञावलीची मालकीही अवलंबून असते.

‘कंत्राटी’ या शब्दाविषयी सुशिक्षितांच्या मनात मुळातच अढी आहे, आणि ती अकारण नाही. २०११ पासून ‘संग्राम’ व पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या योजनांखाली राज्यभरच्या ग्रामपंचायतींत जे संगणक परिचालक बसले, त्यांनी गावाचे दाखले दिले, नोंदी केल्या, आणि वेळेवर मानधनासाठी व कर्मचारी म्हणून मान्यतेसाठी वारंवार आंदोलनेही केली. त्यांचे कंत्राट स्वातंत्र्याचे नव्हतेच; जागा ठरलेली, काम वरून येणारे, मोबदला मध्यस्थामार्फत. स्वतंत्र संगणक-व्यावसायिकाची गोष्ट निराळी, असे समजले जाते. ती खरोखर निराळी असते काय, हे तपासावयाचे तर या भागाला विडीच्या धंद्याइतके जवळचे उदाहरण नाही.

१९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि तेंदूपत्ता व विडी यांवर या मुलखातील कित्येक पिढ्या जगल्या. विडीचा कारखानदार पान व तंबाखू देई, विड्या अनेकदा घरोघर वळल्या जात, आणि मधल्या मध्ये सट्टेदार नावाचा ठेकेदार असे. हे लोक कारखानदाराचे कामगार की स्वतंत्र कंत्राटदार, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५८ साली सागरच्या कारखान्याविषयीच्या चिंतामण राव खटल्यात सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार ठरले. त्यानंतर थोड्याच काळात नागपूरच्या बिरधीचंद शर्मा यांच्या कारखान्याचे प्रकरण आले. तेथील विडीवाले वाटेल तेव्हा येत, वाटेल तेव्हा जात, मजुरी नगावर, वळताना डोक्यावर मुकादम नाही. मालकाचे म्हणणे सरळ होते : यांना कोणाचा हुकूम नाही, मग हे कामगार कसले? न्यायालयाने ते मानले नाही. दिवसाअखेर पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढण्याचा, म्हणजे ज्याला या धंद्यात ‘छाट’ म्हणतात त्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि अशा कामावर तेवढे नियंत्रण पुरेसे आहे, असे म्हणून त्यांना कामगार ठरविण्यात आले. वाद होता तो अवघ्या काही दिवसांच्या भरपगारी रजेचा. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला मात्र कायद्याच्या कक्षेत येण्यास १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमापर्यंत थांबावे लागले, आणि तो अधिनियम वैध असल्याचे शिक्कामोर्तब व्हायला १९७४ साल उजाडले.

संगणकावरील कामातही छाट असते. ग्राहक केलेले काम तपासतो, चुका काढतो, पुन्हा करावयास लावतो. एवढ्यावरून कोणी नोकर ठरत नाही; एकच कसोटी सर्वत्र लागू पडत नाही, हे न्यायालयांनीही पुढे स्पष्ट केले. पण त्या तरुणाने सकाळी दहाला हजेरी लावावयाची, कंपनीने पाठविलेलाच संगणक वापरावयाचा, दुसऱ्या कोणाचे काम घ्यावयाचे नाही आणि भाऊबीजेच्या रजेसाठी परवानगी मागावयाची, असा प्रकार असेल, तर करारनाम्यावर ‘स्वतंत्र सल्लागार’ असे छापून काय साधले? कंपनीचे साधले, भविष्यनिर्वाह निधी वाचला, उपदान वाचले. तरुणाच्या वाट्याला नोकराची शिस्त आणि व्यापाऱ्याची जोखीम अशी दोन्ही ओझी आली. स्वतंत्र व्यवसायाची मांडणी करावयाची ती हे टाळण्यासाठी.

सरकारदरबारची मांडणी समजली जाते तितकी अवघड नाही. पॅन क्रमांक, शक्यतो व्यवसायापुरते वेगळे बँक खाते, आणि १ जुलै २०२० पासून सुरू झालेली, एक पैसाही शुल्क नसलेली उद्यम नोंदणी. ती करून देण्यासाठी पैसे मागणारे दलाल भेटतात, त्यांना दारातूनच परतवावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. परराज्यातील ग्राहकांसाठीही ही सवलत ऑक्टोबर २०१७ पासून आहे. बडी कंपनी तरीही तो क्रमांक मागते, आणि तो घेतला की विवरणपत्रांचा फेरा मागे लागतो. आयकरात २०१६ च्या वित्त अधिनियमाने छोट्या व्यावसायिकांची मोठी सोय केली : एकूण प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविल्यास तपशीलवार हिशेबवह्यांच्या जाचातून सुटका होते. राज्याचा व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. १९७५ साली हा कर बसविण्यात आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. घरात बसून परदेशाचे काम करणारा संगणकवाला रस्त्यावरच्या खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला असा हातभार लावतो, हे त्याला क्वचितच ठाऊक असते.

खरे दुखणे कराचे नाही, वसुलीचे आहे. काम पोचते झाले, बिल गेले, आणि ‘पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर सुरू झाले. दूर पुण्यात बसलेल्या कंपनीपुढे तिरोड्याचा एकटा माणूस काय करणार? वस्तुतः २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने त्याच्या हाती शस्त्र दिलेले आहे. लेखी करारात मुदत कितीही घातली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही; करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज, आणि दाद मागण्यास सुविधा परिषद. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आणखी एक कळ दाबली : सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत न दिल्यास, ते प्रत्यक्ष दिले जाईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात वजा करून मिळत नाही. मार्च महिन्यात कंपनीचे हिशेबनीस एकाएकी सौजन्याने बोलू लागतात ते यामुळे. अट एकच, की कामाआधी उद्यम नोंदणी झालेली असावी; मागाहून नोंदणी करून जुन्या बिलांवर हक्क सांगता येतो काय, हा न्यायालयांतही वादाचा विषय झालेला आहे. परदेशी ग्राहकापर्यंत मात्र हा कायदा पोचत नाही. तेथे एकच उपाय : काही रक्कम आगाऊ, उरलेली टप्प्याटप्प्याने, आणि टप्पा चुकला की काम थांबले.

करारनाम्यातील आणखी एक कलम बहुधा न वाचताच सही होते. संगणकाची आज्ञावली ही १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या लेखी साहित्यकृती आहे. नोकरीत लिहिलेली आज्ञावली, उलट करार नसेल तर, मालकाची. स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेली प्रथम त्याची स्वतःची, आणि ती दुसऱ्यास द्यावयाची तर लेखी हस्तांतर हवे. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण कंपन्यांचे छापील मसुदे सर्व काळासाठी व सर्व जगासाठी सर्व काही लिहून घेतात. घ्यावे, पण त्याची किंमत मोबदल्यात धरली गेली आहे काय, हे विचारण्याचा अधिकार लिहिणाऱ्यास आहे.

मोबदल्याचा हिशेबही येथे भल्याभल्यांचा चुकतो. ३० हजारांच्या नोकरीऐवजी ४० हजारांचे कंत्राट मिळाले की घरात पेढे वाटले जातात. वर्षात सातच महिने काम लाभले, तर नोकरदाराच्या ३ लाख ६० हजारांची नुसती बरोबरी करण्यासाठी महिना ५१ हजारांहून अधिक हवेत. त्यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा नाही, आजारपण नाही, जळालेला संगणक नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांची प्रथमच कायद्यात व्याख्या केली, हे खरे. परंतु त्यांच्यासाठी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम भरण्याचे बंधन आहे ते काम जुळवून देणाऱ्या मध्यस्थ मंचांवर. कंपनीशी थेट करार करणाऱ्या तरुणासाठी तो वाटा कोणी भरत नाही. त्याला स्वतःच आपला मालक होऊन तो दरमहा बाजूला टाकावा लागतो.

यांपैकी काहीच अभियांत्रिकीच्या अभ्यासात ठळकपणे येत नाही. अंतिम वर्षाला विद्यार्थ्याकडून प्रकल्प करून घेतात, जाड बांधणीचा अहवाल घेतात, तोंडी परीक्षाही होते. त्याच प्रकल्पाचा एक पानी करारनामा, टप्प्यांचे वेळापत्रक आणि एक रीतसर बिल त्याच्याकडून लिहवून घेण्यास विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. शिक्षकांच्या एका दुपारचे ते काम आहे, आणि ते बिल तपासून त्यातील चुका दाखविण्यास गावातला कोणताही निवृत्त लेखापाल आनंदाने येईल.