लाँग रेंज डेझर्ट ग्रूप

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या पिछाडीस टेहळणी करणारे ब्रिटिश सैन्याचे खास पथक. जनरल वेव्हेल यांच्या संमतीने मेजर राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९४० मध्ये ईजिप्तमध्ये ते उभारले. प्रारंभीचे बहुतेक सैनिक न्यूझीलंडचे होते. १९४२ च्या अखेरीस एक भारतीय तुकडीही पथकास जोडण्यात आली. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकीची दिशा दाखवी. म्हणून दिवसा सूर्याच्या छायेवर चालणारे होकायंत्र वापरीत व रात्री ताऱ्यांच्या वेधांवरून स्थाननिश्चिती करीत. जानेवारी १९४१ मध्ये पथकाने लिबियातील मुर्झूकवर छापा घातला. तथापि त्याचे खरे महत्त्व छाप्यांपेक्षा निरीक्षणात होते. १९४२ मध्ये त्रिपोली–बेंगाझी रस्त्यालगत लपून सैनिक रात्रंदिवस शत्रूची वाहने मोजीत व ती माहिती बिनतारी यंत्राने कळवीत. तीवरून रोमेलला मिळणाऱ्या कुमकेचा अंदाज येई. अशा वेळी समोरून जाणाऱ्या शत्रूवर गोळी न झाडणे, हीच शिस्त असे. कारण ठावठिकाणा उघड होताच निरीक्षण थांबले असते. पथकाने शोधलेल्या वाटेने मार्च १९४३ मध्ये न्यूझीलंडच्या सैन्याने ट्युनिशियातील मारेथ तटबंदीस वळसा घातला. १९४५ मध्ये पथक विसर्जित करण्यात आले.